गरज सरो, गोधडी उरो

कृतघ्न माणसाविषयी बोलताना ‘गरज सरो, वैद्य मरो’ असे आपण म्हणतो. माणसाच्या बाबतीत जे निंद्य, ते वस्तूंच्या बाबतीत मात्र आपण व्यवहार म्हणून स्वीकारतो. पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. गॅस आला आणि चूल विझली. त्यांच्या आठवणीने आपण हळहळतो, पण पहाटे उठून पुन्हा दळायला कोणी बसत नाही. गोधडी मात्र या नियमाला अपवाद ठरली आहे. घरात सोलापुरी चादर असते, पानिपतचे ब्लँकेट असते, कृत्रिम धाग्यांची मऊ पांघरुणे असतात. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा नोकरीतून निवृत्त झाल्यावर कोणीतरी जुन्या साड्यांचे बोचके सोडते, सुईत दोरा ओवते आणि गोधडी शिवायला बसते. कशासाठी, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘छंद म्हणून.’

उत्तर साधे वाटते, पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. ज्या कामात आपल्या आज्यांनी डोळे शिणवले, जे काम त्यांनी थंडीच्या धाकाने आणि दारिद्र्याच्या सक्तीने केले, ते आपण मौजेखातर करावे काय? त्यातून मिळणारा आनंद निर्मळ आहे, की सुस्थितीतल्या माणसाने गरिबीशी केलेली ती लटकी सलगी आहे? शिवाय घरातली तरुण पिढी विचारते ते निराळेच: तयार पांघरूण दुकानात मिळत असताना महिनाभराच्या दुपारी या कामात घालवणे म्हणजे वेळेची उधळपट्टी नव्हे काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर आधी गोधडी म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे.

गोधडी, वाकळ, कंथा अशी तिची नावे अनेक. घडण मात्र एकच. विरलेली पण अजून धड असलेली सुती साडी दुहेरी करून अंथरायची. तिच्यावर धोतरे, पंचे, सदरे, परकर यांचे चांगले राहिलेले भाग पसरायचे. बटणे आणि जाड शिवणी आधीच काढून घ्यायच्या. वर पुन्हा साडीचा किंवा तुकडे जोडून केलेल्या कापडाचा थर द्यायचा, चार कोपऱ्यांवर वजने ठेवून सारे ताणून घ्यायचे आणि थर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घालायचे. मग धावदोरा. कुठे तो सरळ ओळींत जातो, तर कुठे कडेपासून चौकोनात फिरत मध्याकडे येतो. दोरा ओढला की कापडाला बारीक चुण्या पडतात; त्या चुण्यांत आणि थरांमध्ये हवा अडकून राहते. गोधडीची ऊब कापडात असते त्याहून अधिक या अडकलेल्या हवेत असते. वापरून वापरून मऊ झालेले सूत घाम शोषते. म्हणूनच नवजात बाळाचे दुपटे नव्या कोऱ्या कापडाचे न करता आजीच्या जुन्या लुगड्याचे करण्यात व्यवहारही होता आणि मायाही होती.

या कामाला ऋतूंचा क्रम होता. थंडी ओसरली की पांघरुणे धुवायची आणि चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळवायची. फाटलेलीवर नवे अस्तर चढवायचे. शेतीची कामे थांबली की उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात किंवा ओटीवर नवी गोधडी अंथरायची आणि मृग लागण्यापूर्वी ती पुरी करायची. कारण एकदा पाऊस सुरू झाला की जाड गोधडी ओली झाल्यावर वाळत नाही. म्हणजे वैशाखात घामाच्या धारा वाहत असताना जिचा विचार करायचा, ती थंडी अजून सहा महिने दूर असे. गोधडी शिवणे ही अशी दूरदृष्टीची शिकवण होती. ती कोणी शब्दांनी दिली नाही. ऊन, पाऊस आणि थंडी यांनी ती दिली.

आता थोडा हिशेब करू. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी साधी गोधडी घेतली, टाक्यांच्या ओळींत एकेक इंचाचे अंतर ठेवले आणि एका इंचात तीन टाके धरले, तर सुमारे ४८ ओळी होतात, आणि टाके दहा हजारांहून अधिक. सुई कित्येक थरांतून खाली जाते आणि वर येते; बोटाला घट्टे पडतात. हे श्रम घर, शेत आणि मुले सांभाळून उरलेल्या वेळात व्हायचे. तेव्हा गोधडीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवले पाहिजे, की ती शिवणारीला बहुधा दुसरा पर्याय नव्हता. सक्तीच्या श्रमाला केवळ तो जुना आहे म्हणून पवित्र ठरवणे हा त्या स्त्रियांवरचा अन्याय होईल. त्यांच्या मुलींना आणि नातींना सुई खाली ठेवून पुस्तक हाती घेता आले, ही चांगलीच गोष्ट झाली.

पण मग असा निष्कर्ष काढावा काय, की पूर्वी गोधडीत फक्त गरज होती आणि आनंदाची भर मागाहून, गरज सरल्यावर पडली? येथेच आपली समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

गोव्याला लागूनच असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्टीत सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांतील अनेकांच्या पूर्वजांनी पोर्तुगीज अमलातील गोव्यातून निसटून रानाचा आश्रय घेतला. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. तिथल्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिला ‘कवंदी’ म्हणतात. शिवण कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे येते. कॅथलिक घरातल्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, तर मुस्लिम घरातल्या कवंदीवर चंद्रकोर. पण सर्वांत बोलका भाग चार कोपऱ्यांवर असतो. कापडाच्या लहान तुकड्यांच्या घड्या एकावर एक रचून तिथे शोभेचे एक छोटे नक्षीकाम शिवलेले असते. त्याला ‘फुला’ म्हणतात. या फुलाने ऊब तसूभरही वाढत नाही, पण ते नसले तर कवंदी उघडी, अपुरी मानली जाते. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या गोधड्यांचा अभ्यास केला आणि त्या जगापुढे आणल्या.

या फुलाचा अर्थ काय? ज्या घरात चिंधीसुद्धा जपून ठेवावी लागते, त्या घरातली स्त्री चार चिंध्या अशा जागी खर्च करते, जिथे त्यांची काहीच ‘गरज’ नाही. तिला कोणी सक्ती केली नव्हती. तिच्या दारिद्र्याने तिला गोधडी शिवायला लावली असेल, पण फुला शिवायला नव्हे. तो तिने स्वतःहून दिला.

अशीच एक साक्ष सातासमुद्रापलीकडून मिळते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या एका मोठ्या वळणात ‘जीज बेंड’ नावाचे गाव आहे. गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे कुळे म्हणून शेती करीत आणि त्यांच्या स्त्रिया झिजलेल्या कामाच्या कपड्यांपासून पांघरुणे शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ साली, त्या परिसरातल्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. २००२ साली या गोधड्यांचे प्रदर्शन आधी ह्यूस्टनमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले आणि कलासमीक्षक थक्क झाले. त्यांतली एक गोधडी मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली, पती वारल्यानंतर, त्याच्याच शेतातल्या कपड्यांची शिवली होती. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या प्रेमाची ऊब अंगावर घेता यावी म्हणून आईने ती शिवली, असे तिच्या मुलीने पुढे सांगितले. गुडघ्यावर फिकट झालेले, मातीचे डाग पडलेले ते कापड होते. त्या विधवेच्या त्या कामात गरज कुठे संपली आणि प्रेम कुठे सुरू झाले, हे कोण सांगू शकेल?

म्हणून मला वाटते, आपण प्रश्नच जरा चुकीचा मांडतो. गरज आणि आनंद ही एकामागून एक येणारी दोन युगे नाहीत. पूर्वीच्या गोधडीतही आनंद होता. तो कोपऱ्यातल्या फुलात होता, लाल लुगड्याचा काठ नेमका कडेला आणण्याच्या आग्रहात होता, शेजारणींनी दोन बाजूंना बसून एकाच गोधडीवर टाके घालताना केलेल्या गप्पांत होता. फक्त त्या आनंदाला ‘छंद’ असे नाव नव्हते. ॲरिस्टॉटलने कर्मांचे दोन प्रकार मानले आहेत: ज्यांचे साध्य त्यांच्याबाहेर असते ती, आणि जी स्वतःच स्वतःचे साध्य असतात ती. घर बांधणे पहिल्या प्रकारचे. घर उभे राहिले की बांधणे संपते. चिंतन दुसऱ्या प्रकारचे. विचाराच्या सोयीसाठी ही विभागणी उत्तम आहे. पण हाताने केलेले चांगले काम या दोन कप्प्यांत सुखाने बसत नाही. गोधडीला बाहेरचे साध्य आहे, ते म्हणजे पांघरूण. आणि तरीही दहा हजार टाक्यांतला प्रत्येक टाका त्या क्षणापुरता स्वतःतच पुरा असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमांविषयी जे परिपत्रक लिहिले, त्याचा गाभा हाच आहे, की कामाचे मोल आधी ते करणाऱ्या माणसावरून ठरते, तयार झालेल्या मालावरून नंतर. गोधडी दुकानातल्या ब्लँकेटपेक्षा स्वस्त पडली की महाग, हा हिशेब मालाचा आहे. शिवणारीचे काय झाले, हा हिशेब माणसाचा आहे.

तेव्हा छंद म्हणून गोधडी शिवणाऱ्याला मी दोषी ठरवणार नाही. ज्या कामात आज्यांना आनंदाचा वाटा मिळत होता, त्याच वाट्यावर तो हक्क सांगतो आहे. पण वारसा निवडून घेता येत नाही. आज्यांच्या गोधडीत गरजेच्या पोटात आनंद होता. आपल्या वाट्याला नुसता आनंद आला आहे, आणि आता त्याच्या पोटात गरज शोधणे हे आपले काम आहे. ती शोधली नाही, तर छंदाला करमणुकीची अवकळा येते.

तशी ती येताना दिसतेही. पाश्चात्त्य देशांत ऋतुमानानुसार गोधडीकाम करण्याची मोठी हौस आहे. हिवाळ्यात नाताळचे, वसंतात फुलांचे, शरदात पिकल्या पानांचे असे नमुने तिथे शिवले जातात. त्यासाठी चौकोन कापून ठेवलेल्या नव्या कापडाचे तयार संच विकत मिळतात. ही हौस आता आपल्या शहरांतही पोहोचली आहे. यात पाप काही नाही. पण विचार करा: गोधडीचा जन्मच मुळी काही वाया जाऊ नये म्हणून झाला, तिच्यासाठी नवे कोरे कापड विकत घेऊन त्याच्या चिंध्या करायच्या, आणि त्याच वेळी घरातले न वापरलेले कपडे कचऱ्यात टाकायचे, हा उलटा प्रवास नव्हे काय? तिथे ऋतू उरतो तो नमुन्यावरच्या चित्रापुरता. माणूस ऋतूची वाट पाहत नाही, तर बाजार त्याला ऋतू नेऊन देतो.

खरा ऋतू माणसाला थांबायला लावतो. जुनी साडी विरेपर्यंत थांबायचे, ऊन पडेपर्यंत थांबायचे, दोरा संपला तर दुसरा येईपर्यंत थांबायचे. आणि एक दिवस काम संपवायचे, कारण पाऊस जवळ आला आहे. उपदेशकाच्या ग्रंथात प्रत्येक गोष्टीच्या समयाची जी यादी आहे, तीत फाडण्याची आणि शिवण्याची जोडी आहे. तिचा अर्थ मला असा लागतो, की दोन्ही क्रिया आपल्या मर्जीच्या नाहीत. त्यांना वेळ नेमून दिलेली आहे. ज्या छंदाला आरंभ आणि शेवट असतो, तो माणसाला मोकळा सोडतो. ज्याला शेवट नसतो, ते हळूहळू व्यसन होते. उन्हाळ्यात बोचके सोडावे, पावसाळ्याच्या संध्याकाळी बारीक काम करावे आणि आगमनकाळ सुरू होण्याआधी शेवटची गाठ मारावी, असा क्रम ज्याने ठेवला, त्याच्या हौसेला आपोआप मर्यादा येते. नाताळापूर्वीचे ते चार आठवडे तयारीचे. तयार झालेली गोधडी कुणाच्या अंगावर पडणार, हे त्या काळात ठरवता येते.

या छंदाची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे: गोधडी कुणासाठी? प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथेची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ती काय बोलली, तिने कोणता उपदेश केला, हे तिथे नोंदलेले नाही. तिच्या बाजूने साक्ष दिली ती कपड्यांनी. टबीथेला शिवताना आनंद होत होता की नाही, हेही शास्त्र सांगत नाही. पण कंटाळत शिवलेले वस्त्र उराशी धरून कोणी असे रडले असते, हे मला पटत नाही. तिचे वस्त्र कुणाच्या तरी अंगावर होते, एवढ्यानेच तिचा आनंद, जो असेल तो, सार्थ झाला. आजही कुणाला ऊब हवी, हे शोधायला दूर जावे लागत नाही. वृद्धाश्रमात कृत्रिम धाग्याच्या पांघरुणाने ज्यांच्या अंगाला खाज सुटते असे वृद्ध आहेत. जिचे माहेर दुरावले आहे अशी बाळंतीण आहे. परगावी वसतिगृहात निघालेला नातू आहे. त्याला ब्लँकेट विकत घेता येईल, पण आईच्या आणि आजीच्या साड्या शेजारीशेजारी असलेले पांघरूण विकत मिळत नाही. ही गरज थंडीची नसेल, पण ती गरजच आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला थोडी कठोर आहे. आपल्या शहरांत आजही अशा स्त्रिया आहेत, ज्या मजुरी घेऊन गोधड्या शिवून देतात. कुणी दारोदार फिरते, तर कुणी घरी काम आणते. त्यांच्यासाठी हा छंद नाही, पोट आहे. आपण त्यांच्याशी पन्नास-शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. ज्याने स्वतः एक गोधडी कडेपासून मध्यापर्यंत शिवली आहे, ज्याच्या बोटाला घट्टा पडला आहे, त्याला ही घासाघीस जड जायला हवी. दहा हजार टाक्यांचे मोल त्याच्या हाताला कळलेले असते. छंदाने हात सुंदर वस्तू करायला शिकला, पण दुसऱ्याच्या हाताची मजुरी ओळखायला शिकला नाही, तर तो छंद केवळ आपल्या मनाचा विरंगुळा ठरला. उलट, एखाद्या गृहिणीने हौसेने एक गोधडी शिवली आणि दुसरी शिवून घेताना मागितलेला दाम कुरकुर न करता दिला, तर तिच्या हौसेने समाजात थोडा न्याय आणला, असे मी म्हणेन. श्रमांविषयीचा आदर व्याख्यानातून येतो त्याहून अधिक बोटांतून येतो.

राहिला तो तरुणांचा प्रश्न, वेळेच्या उधळपट्टीचा. वेळ उधळला जातो तो दोन प्रकारांनी. एका प्रकारात वेळ गेल्यावर हाती काही राहत नाही आणि आठवणीतही काही राहत नाही. दुसऱ्या प्रकारात माणूस आपला वेळ जाणूनबुजून कुणाला तरी देऊन टाकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आईने मुलाच्या उशाशी जागून काढलेली रात्र हिशेबाच्या वहीत वायाच गेलेली असते. गोधडीत घातलेल्या दुपारी कोणत्या प्रकारच्या, हे दुपारीच ठरत नाही. गोधडी कुणाच्या अंगावर गेली, यावरून ते मागाहून ठरते. शिवणारा माणूस मधूनमधून थकतो, टाका वाकडा गेला तर उसवतो, समोरच्या तुकड्यावरचे फूल पाहून ते लुगडे कुणी कोणत्या सणाला नेसले होते ते आठवतो. त्या आठवणीत जे गेले आहेत त्यांची भेट होते, आणि टाक्यात जे यायचे आहेत त्यांची सोय होते. इतके काम एकाच दुपारी करणारे दुसरे साधन घरात क्वचितच सापडेल.

तेव्हा ज्यांना ही हौस आहे, त्यांनी ती मनात अपराध न बाळगता करावी. घरातल्या जुन्या कापडाने आरंभ करावा, ऋतूचे बंधन पाळावे, शिवता शिवता मनमुराद आनंद घ्यावा आणि कोपऱ्यात एखादा फुलाही शिवावा, ज्याची गरज नाही असा. फक्त पहिला टाका घालण्यापूर्वी ज्याच्यासाठी ती शिवायची त्याचे नाव मनाशी ठरवून ठेवावे. थंडी आली की गोधडी त्याच्या घरी पोहोचती करावी, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी बोचक्यात एकेक जुने कापड जमवायला लागावे.